टूरशिवाय आल्प्स: लाउटरब्रुनेनच्या दरीत सात रात्री

टूर कंपनीच्या कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधली ही दरी साधारण पाऊण तास भेटते. बस थांबते, धबधब्यासमोर फोटो होतो, कुणीतरी चहाची चौकशी करतं आणि बस निघते. गेल्या जूनमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, तिथे सात रात्री राहून आलो. जाण्यापूर्वी मी तासातासाचा तक्ता केला होता, रंगीत वगैरे. तिसऱ्या दिवशी तो पिशवीच्या तळाशी गेला आणि तिथून पुढे सहल सुरू झाली. तुमचा तक्ता निघण्यापूर्वीच बाजूला पडावा म्हणून हा लेख.

१. आधी भूगोल डोक्यात बसवा

नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं आणि तिथेच फसगत होते. ही दरी इंग्रजी यू अक्षरासारखी आहे. तळ सपाट, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, आणि दोन्ही बाजूंना ताशीव कडे. गावं तळाशी आहेत तशीच कड्यांच्या माथ्यावरच्या पायऱ्यांवरही आहेत. तळाला लाउटरब्रुनेन आणि दरीच्या टोकाला श्टेखेलबेर्ग. पूर्वेच्या पायरीवर वेंगेन (१,२७४ मीटर), पश्चिमेच्या पायरीवर म्युरेन (१,६३८ मीटर). आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे म्युरेनची शाळा, दुकानं, घरं सगळं जवळपास कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर. वेंगेन आणि म्युरेनला पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत. रेल्वे किंवा केबल कार, एवढंच.

ग्रिंडेलवाल्ड हे प्रसिद्ध गाव शेजारच्या दरीत आहे. दोन्ही दऱ्यांचा नाका म्हणजे इंटरलाकेन ओस्ट हे स्टेशन. इंटरलाकेनला ‘वेस्ट’ नावाचंही स्टेशन आहे. तुम्हाला हवंय ते ओस्ट.

उच्चाराचंही सांगून ठेवते. तिकडे जे चा उच्चार य होतो. आपण जंगफ्रॉ म्हणतो ते शिखर म्हणजे युंगफ्राऊ. खिडकीवर विचारताना उपयोगी पडतं.

२. महिना ठरवा

मे-जूनमध्ये बर्फ वितळत असतं, त्यामुळे धबधबे भरलेले असतात. पण उंचावरच्या काही पायवाटा जूनच्या मध्यापर्यंत बंद राहू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उघडं आणि सगळीकडे गर्दी. सप्टेंबर शांत आणि हवा स्वच्छ, पण धबधबे रोडावलेले. एप्रिलअखेर आणि नोव्हेंबर टाळा: केबल कार दुरुस्तीसाठी आळीपाळीने बंद असतात. मुलांच्या सुट्टीमुळे मेच जमत असेल, तर तुमच्या तारखांना वेंगेनहून मेनलिखेन डोंगरावर जाणारी केबल कार चालू आहे का, हे तिकिटं काढण्याआधी बघा.

३. व्हिसा

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे नेहमीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. माझं मत विचाराल तर तीन महिने आधी करा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. बाराखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत.

फाईलमध्ये काय हवं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही सोबत.
- भरलेला अर्ज, फोटो
- जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- किमान ३०,००० युरोचं प्रवास वैद्यकीय विमापत्र
- बँकेचा शिक्का असलेली खात्याची विवरणं, आयकर विवरणपत्रं
- नोकरी करणाऱ्यांना रजा मंजुरीचं पत्र, व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी
- मुलांसाठी जन्मदाखला आणि शाळेचं पत्र; एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र
- मुक्कामाचा दिवसवार आराखडा

इथे दोन खड्डे आहेत. एक: पॅरिसही जोडून घेणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. दुसरा नावांचा. सासूबाईंच्या पासपोर्टवर एक आडनाव आणि बँकेत दुसरं. काउंटरवर हे कळणं म्हणजे पुन्हा अपॉइंटमेंट. आम्हाला सुदैवाने आदल्या आठवड्यात लक्षात आलं आणि प्रतिज्ञापत्र करून घेतलं.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या वेळी रांगेत वेळ जातो, म्हणून झ्युरिकहून पुढच्या ट्रेनची वेळ घट्ट बांधू नका.

४. मुक्काम एकाच जागी

दोन रात्री इथे, दोन तिथे असं करू नका. बॅगा उचलण्यातच दिवस जातात. सातही रात्री एकाच घरात काढा.

तळाशी लाउटरब्रुनेनला राहिलात तर स्टेशन आणि किराणा हाताशी, पण कड्यांमुळे ऊन उशिरा येतं, लवकर जातं, आणि दिवसभर बसची वर्दळ. वेंगेनला ऊन, शांतता आणि समोर युंगफ्राऊ (४,१५८ मीटर). लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांवरून ट्रेन पाव तासात वर नेते. म्युरेन सर्वात देखणं, पण येण्याजाण्यात एक जास्तीचा टप्पा. गुडघेवाली मंडळी बरोबर असतील तर वेंगेन घ्या. आम्ही तेच केलं. तिथली हॉटेलं बॅगा न्यायला बिनआवाजाची विजेवरची गाडी स्टेशनवर पाठवतात; आरक्षण करतानाच विचारून ठेवा.

स्वयंपाकघर असलेलं घर मिळालं तर पैसे वाचतात. बाहेर साधं जेवण माणशी पंचवीस-तीस फ्रँकला पडतं. मात्र स्विस घरांचे नियम असतात. रात्री दहानंतर आवाज नको, रविवारी वॉशिंग मशीन नको, कचरा गावाच्या ठरावीक विकतच्या पिशवीतच. हे नियम टेबलावरच्या वहीत लिहिलेले असतात, ती वही पहिल्याच संध्याकाळी वाचा. मुक्कामाबरोबर मिळणारं गेस्ट कार्डही मागून घ्या. त्यावर सवलती असतात.

५. तिकिटांचा गुंता

सगळ्यात जास्त डोकं इथे फुटतं, म्हणून जरा सविस्तर.

*स्विस ट्रॅव्हल पास* देशभर चालतो: ट्रेन, बस, बोटी. या भागात तो वेंगेन, म्युरेन आणि ग्रिंडेलवाल्डपर्यंत पूर्ण चालतो. त्यावर डोंगरात गेलात की फक्त सवलत. लोक समजतात की पास आहे म्हणजे युंगफ्राऊयोख, ते बर्फातलं उंच रेल्वे स्टेशन, फुकट. नाही.

*स्विस हाफ फेअर कार्ड* महिनाभर चालतं आणि बहुतेक सगळ्या गाड्या, बोटी, केबल कार अर्ध्या दरात देतं. युंगफ्राऊयोखसुद्धा.

*युंगफ्राऊ ट्रॅव्हल पास* फक्त या टापूचा. ठरलेले सलग दिवस तुम्ही वेंगेन, मेनलिखेन, क्लायने शायडेग, ग्रिंडेलवाल्ड, फर्स्ट, शिनिगे प्लाटे, शिवाय थुन आणि ब्रिएंझ तळ्यांवरच्या बोटी, सगळीकडे कितीही वेळा फिरा. आयगरग्लेचर स्टेशनपर्यंत तो चालतो. तिथून वर योखला जायचं तर वेगळे पैसे. म्युरेनच्या वरचं शिल्टहॉर्न शिखर त्यात येत नाही.

माझा हिशेब असा: रोज एखाद्या डोंगरावर चढणार असाल तर युंगफ्राऊ पास. झ्युरिक, ल्युसर्न, बर्न असं हिंडणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास. सात दिवसांत तीन-चारच मोठ्या चढाया आणि बाकी पायी, तर हाफ फेअर. आम्ही युंगफ्राऊ पास घेतला आणि विमानतळाच्या जाण्यायेण्यासाठी स्विस रेल्वेच्या एसबीबी ॲपवर सवलतीची तिकिटं काढली. ही तिकिटं ठरलेल्या गाडीलाच चालतात, म्हणून ती परतीसाठी ठीक; विमानातून उतरल्यावर मात्र मोकळं तिकीटच बरं.

मुलांचं विसरू नका. पालकांकडे स्विस ट्रॅव्हल पास किंवा हाफ फेअर असेल तर ६ ते १५ वयाच्या मुलांसाठी फॅमिली कार्ड मिळतं आणि मूल फुकट फिरतं. ते मागावं लागतं.

पैशांचं थोडक्यात: चलन फ्रँक, युरो नव्हे. फोरेक्स कार्डात युरो भरून आणलेत तर प्रत्येक खरेदीला बदलीचा भुर्दंड. आणि दुकानातल्या मशीनने ‘रुपये की फ्रँक?’ विचारलं तर डोळे झाकून फ्रँक.

६. बॅगेत काय आणि काय नाही

आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, दूध पावडर घरीच ठेवायची. ताजी फळं आणि भाज्यांनाही बंदी आहे. केळी, नारळ, अननस, खजूर असे थोडे अपवाद. मेमध्ये जाणाऱ्यांनी हापूसचा मोह आवरावा, कढीपत्त्याची जुडीसुद्धा नको. भाजणी, पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला हे सगळं आमचं बिनतक्रार गेलं.

प्लगचं लक्षात ठेवा. स्विस सॉकेट षटकोनी आणि भिंतीत आत खोलगट असतं. ‘युरोपचा’ म्हणून घेतलेला जाडजूड गोल ॲडॉप्टर त्यात बसतच नाही. विकत घेताना स्वित्झर्लंडसाठी चालतो का ते विचारा.

बाकी: घट्ट तळाचे बूट, वाऱ्यापावसाचं जाकीट, जूनमध्येसुद्धा कानटोपी, गॉगल (बर्फावर तो चैनीचा नाही), रिकाम्या पाण्याच्या बाटल्या. नळाचं आणि गावातल्या कारंज्यांचं पाणी पितात. फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ अशी जर्मन पाटी असेल तिथलं पिऊ नका.

किराण्यासाठी कोऑप आणि मिग्रो. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारीच भरून ठेवा. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवायचं: चीज फॉन्ड्यूत पांढरी वाइन आणि बहुधा किर्श नावाची दारू असते. बटाट्याच्या रोष्टीवर आणि मॅकरोनी-बटाट्याच्या एल्प्लरमाग्रोनेनमध्ये बेकनचे तुकडे येऊ शकतात. ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाशिवाय. हे दोन शब्द सासूबाईंनी आमच्याआधी पाठ केले.

७. पोचायचा दिवस

झ्युरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून बर्नवरून इंटरलाकेन ओस्ट आणि पुढे वीस मिनिटांत लाउटरब्रुनेन.

या शेवटच्या वीस मिनिटांत नवखे चुकतात, आम्हीही चुकलो. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी झ्वायल्युचिनेन नावाच्या छोट्या स्टेशनात दोन तुकड्यांत फुटते. अर्धी लाउटरब्रुनेनला जाते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. फलाटावरच्या फलकावर कुठल्या भागात कुठले डबे ते लिहिलेलं असतं आणि डब्यावरही असतं. आम्ही सहा बॅगा पहिल्या उघड्या दारातून आत ढकलल्या आणि बसलो. नदी, लाकडी घरं, गायी, सगळे खिडकीला नाक लावून. लेक म्हणाली, “आई, फोनवरचा निळा ठिपका भलतीकडेच चाललाय.” तोवर उशीर झाला होता. ग्रिंडेलवाल्डला उतरलो तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “हेही बरंय की. इथेच राहू या.” परत येण्यात तास-सव्वा तास गेला. तुम्ही डब्यावरचं नाव वाचून चढा.

८. रोज सकाळचं काम: कॅमेरे बघणे

माझा तक्ता बुडाला तो इथे. युंगफ्राऊयोख बुधवारी, असं मी पुण्यातूनच ठरवून तिकिटं काढली होती. बुधवारी वर सगळं ढगात. पैसे भरलेत म्हणून गेलो. ३,४५४ मीटर उंचीवर, युरोपातल्या सर्वात उंच रेल्वे स्टेशनात, आम्ही चौघं काचेला टेकून एका पांढऱ्या भिंतीकडे बघत होतो. जवळजवळ २३ किलोमीटर लांबीची आलेच हिमनदी त्या भिंतीमागे होती, असं पाटीवर लिहिलं होतं. गुरुवारी आकाश धुतल्यासारखं निळं.

तेव्हा कुठला दिवस कुठे, हे आधी ठरवू नका. सकाळी सहाला उठून जागाजागचे लाइव्ह कॅमेरे बघा: योख, क्लायने शायडेग, मेनलिखेन, शिल्टहॉर्न. हॉटेलच्या टीव्हीवरही बऱ्याचदा हे कॅमेरे फिरत असतात. खिडकीतून बाहेर बघून निर्णय घेऊ नका, कारण कधीकधी दरीत ढग साचलेले असतात आणि वर लख्ख ऊन असतं. उलटंही होतं. हवामानासाठी मेटिओस्विस हे सरकारी ॲप वापरा. ‘फ्योन’ नावाचा जोराचा दक्षिणी वारा सुटला की केबल कार बंद पडू शकतात. त्या दिवशी तळातच फिरा.

९. दिवसांचे गठ्ठे

मनात चार-पाच गठ्ठे तयार ठेवा आणि सकाळी त्यातला एक उचला.

*पावसाचा दिवस: ट्रुमेलबाख.* डोंगराच्या पोटातून कोसळणारे दहा धबधबे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी इथून उतरतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. लिफ्टने वर जायचं आणि ओल्या पायऱ्यांनी खाली यायचं. आत बोललेलं ऐकू येत नाही, कठड्यावर हात ठेवला की दगड थरथरतो. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत आणि हिवाळ्यात हे बंद असतं.

*अर्धवट ढगांचा दिवस: दरीचा तळ.* लाउटरब्रुनेनहून श्टेखेलबेर्गपर्यंत सपाट चालत जा, दीड-दोन तास. सुरुवातीलाच श्टाउबबाख, २९७ मीटर उंचीवरून पडणारा. वाऱ्यावर त्याची धार विस्कटते आणि खाली पोचेपर्यंत नुसती फवार होते. आपल्याकडचे उलटे धबधबे आठवतात. दमलात तर १४१ क्रमांकाची बस आहेच.

*स्वच्छ दिवस: म्युरेन आणि गिमेलवाल्ड.* लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रुचआल्प. तिथे सगळे धावत छोट्या ट्रेनमध्ये बसतात. तुम्ही बसू नका. तिथून म्युरेनपर्यंतची पायवाट सव्वा ते दीड तासाची, जवळजवळ सपाट, आणि समोर पूर्ण वेळ आयगर-म्योंख-युंगफ्राऊ. सासूबाई काठी टेकत निवांत चालल्या, मध्ये विंटरएगला कॉफी झाली. म्युरेनहून खाली गिमेलवाल्डपर्यंत डांबरी उतार आहे. तिथे एक बिनमाणसाचं दुकान आहे: वस्तू घ्यायची, डब्यात पैसे टाकायचे. पुढे केबल कारने श्टेखेलबेर्ग. डिसेंबर २०२४ मध्ये श्टेखेलबेर्ग ते म्युरेन अशी नवी थेट केबल कार सुरू झाली, १५९ टक्के चढाची. पण ती गिमेलवाल्डला थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

*दुसरा स्वच्छ दिवस: मेनलिखेन.* वेंगेनहून केबल कारने वर आणि तिथून क्लायने शायडेगपर्यंत हलक्या उताराची साडेचार किलोमीटरची वाट. एकच वाट करायची असेल तर ही करा.

पाट्यांबद्दल एक गोष्ट. पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते, आणि ती न थांबता चालणाऱ्या स्विस पायांची. आपण दीडपट धरायची. नुसती पिवळी खूण म्हणजे सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे खडकाळ डोंगरवाट, बूट हवेतच. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागे फिरा, ते गिर्यारोहकांचं काम.

१०. युंगफ्राऊयोख: जायचं का?

हाफ फेअर किंवा पास नसेल तर इंटरलाकेनहून उन्हाळ्यात माणशी २०० फ्रँकच्या वर जातात. आकाश शंभर टक्के स्वच्छ असेल तरच जा, नाहीतर तेवढ्या पैशात मेनलिखेन आणि चार जेवणं होतात. हा रेल्वेमार्ग १९१२ साली पूर्ण झाला. आयगर आणि म्योंखच्या पोटातून बोगदा खोदायला सोळा वर्षं लागली. जाताना वेंगेनवरून ट्रेनने जा, येताना आयगरग्लेचरहून आयगर एक्स्प्रेस या केबल कारने पंधरा मिनिटांत ग्रिंडेलवाल्डला उतरा. गर्दीच्या महिन्यांत जागेचं आरक्षण घ्यावं. आदल्या संध्याकाळी अंदाज बघून फोनवरच करा.

वर हवा विरळ आहे. गाडीतून उतरल्यावर पळू नका, जिने सावकाश चढा, पाणी पीत राहा. डोकं दुखायला किंवा मळमळायला लागलं तर फोटो सोडून खालची गाडी पकडा. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

११. आणीबाणी

११२ सर्वसाधारण, १४४ रुग्णवाहिका, १४१४ रेगा, म्हणजे हेलिकॉप्टर बचाव सेवा. विम्यात डोंगरातून सुटका करण्याचा खर्च धरलाय का, हे घरीच तपासा. औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह न्या.

१२. निघायचा दिवस

घर सोडताना बाटल्या, कागद, काच वेगवेगळं टाकायचं असतं, त्याला अर्धा तास धरा. एकाच दुकानात ३०० फ्रँकच्या वर खरेदी झाली असेल आणि तेव्हाच करपरतीचा फॉर्म घेतला असेल, तर विमानतळावर कस्टम्सचा शिक्का बॅगा देण्याआधी घ्या, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. आमचं घड्याळ बॅगेत होतं आणि बॅग पट्ट्यावरून पुढे गेली होती.